किती टक्के आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात पहिलं इंजिन आलं ते लूनाचं. लूना ही आपल्या नगरचीच लेक. १९७२ साली कायनेटिकच्या कारखान्यातून ती बाहेर पडली आणि बघता बघता शिक्षक, दूधवाले, पोस्टमन अशा सगळ्यांच्या दारात उभी राहिली. माझे अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी हप्त्याने घेतलेली लूना आमच्या गल्लीत पंधरा-सोळा वर्षं फटफटत होती. तिचं एक वैशिष्ट्य तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तिला पायडल होतं. पेट्रोल संपलं की अब्बा शांतपणे पायडल मारत घरी यायचे. घामाघूम व्हायचे, पण यायचे. आणि पायडल मारायचं नसेल तर कोणीतरी पंपावरून बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल आणून द्यायचं.

हे आठवायचं कारण असं की, त्याच घराशी आता विजेवर चालणारी मोटार आहे. तिला पायडल नाही आणि वीज बाटलीतून आणून देता येत नाही. या दोन गोष्टींचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर, एका थंडीच्या रात्री नेवासा फाट्यावर कळला. त्या रात्रीची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी ही गाडी काय खाते, किती खाते, हे सांगायला हवं.

गाडी माझी नव्हे, मुलाची. पुण्यात नोकरी करताना त्याने ती घेतली आणि २०२४ मध्ये त्याची बदली बंगळूरला झाली तेव्हा आमच्या ताब्यात देऊन गेला. छोटीच आहे, हिरव्या नंबरप्लेटची. विजेच्या गाड्यांची पाटी हिरवी असते, हे आता लहान मुलांनाही ठाऊक झालं आहे. पहिल्या रात्री मी तिला वायर लावली, तेव्हा अम्मी ओसरीवर बसून होती. तिने विचारलं, “इसकू रातभर क्या खिलातेस रे?” मी म्हटलं, “करंट.” ती म्हणाली, “और बिल?” ऐंशी वर्षांच्या बाईने एका शब्दात मुद्द्याला हात घातला.

तर बिलाचं सांगतो. पेट्रोल लिटरने मोजतात, तशी वीज युनिटने. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. महावितरणच्या बिलावर असतं तेच हे युनिट. आमच्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटांची. रिकामी बॅटरी पूर्ण भरायची तर मीटरवर साधारण सव्वीस-सत्तावीस युनिटं पडतात, कारण भरताना थोडी वीज उष्णतेत जाते. एवढ्यावर गाडी पावणेदोनशे किलोमीटर चालते. उन्हाळ्यात एसी लावला, घाट चढला, वेग वाढवला की कमी. युनिटचा दर दहा रुपये धरला तरी किलोमीटरला दीड रुपया पडतो. तेवढ्याच पेट्रोल गाडीला सहा रुपये लागतात. हा हिशेब ऐकून अम्मीचं समाधान झालं. पण घरगुती दराला टप्पे असतात. शंभर युनिटं, मग तीनशे, मग पाचशे. गाडीमुळे महिन्याचा वापर वरच्या टप्प्यात गेला की पुढची युनिटं महाग पडतात. पहिलं बिल आलं तेव्हा हे मला कळलं. म्हणून गाडी घेताना किलोमीटरचा हिशेब मांडणाऱ्यांनी शेजारी आपलं जुनं बिलही ठेवावं.

आता घरी चार्जिंग करायचं म्हणजे काय? फ्रीजला किंवा गिझरला असतो तसा पंधरा ॲम्पिअरचा जाड तीन पिनांचा सॉकेट लागतो. त्यातून गाडी तासाला जवळपास तीन युनिटं घेते, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास. रात्री लावायची, सकाळी काढायची. रमजानमध्ये सहरीला उठलो की अंधाऱ्या गल्लीत गाडीवरचा तो बारीक दिवा दिसायचा आणि घरातलं आणखी कोणीतरी जागं आहे असं वाटायचं.

वाचायला हे सोपं वाटतं. आमचं घर जुन्या शहरात आहे. आमच्या गल्लीत समोरासमोरून दोन सायकली आल्या तर एकाला पायरीवर चढावं लागतं. गाडी तोंडाशी उभी राहते, मीटर आत ओसरीवर. पहिल्या दिवशी मी मिक्सरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावून काम भागवलं. तासाभराने प्लास्टिक जळल्याचा वास आला. बोर्ड मेणासारखा मऊ झाला होता. चूक माझी होती. घरातला मिक्सर पाच मिनिटं चालतो, गाडी आठ तास ओढत राहते. त्याच वायरीतून हे दोन्ही होत नाही.

मग वायरमनला बोलावलं. त्याने मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी बसवला, मंजूर भार वाढवून घ्यायला सांगितला. आणि मग तो अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा शोधू लागला. खड्डा होता, पण अब्बांच्या काळातला. तो म्हणाला, “सर, या गाड्या अर्थिंगच्या बाबतीत फार नाजूक असतात. अर्थ नीट नसेल तर घोटभर करंट घेणार नाहीत.” नवा खड्डा घेतला, त्यात कोळसा आणि मीठ घातलं, आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा, असं त्याने बजावलं. अर्थिंगला ओल लागते. कोरडी जमीन वीज पोटात घेत नाही. मी कवी माणूस. हे वाक्य वहीत टिपून ठेवलं. ते पुढे कवितेच्या नाही, दुसऱ्याच कामाला आलं.

उरला प्रश्न गल्लीचा. वायर रस्त्यावरून टाकली तर पोरं सायकलीसकट अडकायची. समोर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका राहतात. त्यांच्या घराला पुढे मोकळी जागा आहे आणि त्यांच्याकडे गाडी नाही. त्यांनीच सुचवलं की, गाडी इथे लाव आणि माझ्या भिंतीवर तुझा सॉकेट बसव. आम्ही सबमीटर लावला. दर महिन्याला सबमीटरचा आकडा बघून मी त्यांना पैसे देतो, ते सुट्टे परत देतात. चाळीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस, एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. गाडी आल्यापासून आमची दोन घरं जेवढी बोलतात, तेवढी आधी बोलत नव्हती.

घरचं असं मार्गी लागलं. रस्त्यावरचा मामला वेगळा.

रस्त्यावर वेगवान चार्जर असतात. घरच्या वायरीतून तासाला तीन युनिटं मिळतात, तिथे तासाला पंचवीस, तीस, पन्नास, साठ युनिटं देण्याची ताकद असते. आमची गाडी तासाभरात दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत जाते. ऐंशीनंतर मात्र तिचा वेग मुद्दाम कमी होतो. भरत आलेल्या हंड्यात आपण नळ बारीक करतो तसंच. म्हणून प्रवासात ऐंशीवर उठावं, शंभराचा हट्ट धरू नये. दर घरच्या दुप्पट पडतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्यासाठी वीज विकण्याचा परवाना लागत नाही. तेव्हापासून हॉटेलवाले, पंपवाले, मॉलवाले यांना हा धंदा मोकळा झाला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात तर राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं ठरलं आहे आणि समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू इथे विजेच्या मोटारींना टोलमाफीही आहे.

नगरहून पुण्याला जाणं फारसं अवघड नाही. सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर अशी वर्दळ. अडचण येते ती जाऊन-येऊन एका भरतीत करायचं ठरवलं तर. आणि २०२५ च्या जानेवारीत मी तेच ठरवलं होतं. पुण्याला नव्हे, छत्रपती संभाजीनगरला.

तिथे कवितेचा कार्यक्रम होता. नगरहून एकशे पंधरा किलोमीटर. शंभर टक्के भरून निघालो, पोचलो तेव्हा छत्तीस टक्के होते. दुपारी कार्यक्रम संपल्यावर एका ठिकाणी चार्जर मिळाला. वायर लावून चहा घेतला. पंचेचाळीस टक्के झाले तेवढ्यात मागे एक टॅक्सीवाला येऊन थांबला. विमानतळाचं भाडं होतं त्याचं, चार टक्क्यांवर आला होता. माझा कार्यक्रम झालेला, मानधन खिशात. मी वायर काढली आणि त्याला दिली. ॲप सांगत होतं की पुढे नेवासा फाट्याच्या अलीकडे-पलीकडे चार्जर आहे. म्हटलं तिथे भरू.

प्रवरा ओलांडून पुढे आलो. चार्जर होता. त्याच्या पडद्यावर मात्र काळोख होता. कोणत्या कंपनीचा हे सांगून उपयोग नाही. अशी वेळ कोणत्याही चार्जरवर येऊ शकते. पेट्रोल पंपावर निदान माणूस असतो. ‘पेट्रोल नाही’ हे वाक्य तो तोंडाने सांगतो. इथे लोखंडी कपाट, त्यावर एक क्रमांक, क्रमांकावर फोन लावला की एक, दोन, तीन दाबा. मी सगळे आकडे दाबले. गाडीवर चौदा टक्के होते. चोवीस युनिटांचे चौदा टक्के म्हणजे साडेतीन युनिटंसुद्धा नाहीत. त्यावर चोवीस-पंचवीस किलोमीटर होतात. घर साठ किलोमीटर. सूर्य मावळतीला लागलेला.

त्या क्षणी मला अब्बांच्या लूनाचं पायडल आठवलं. आणि मग आठवला माझा मित्र.

नेवासे तालुक्यातच फाट्यापासून सहा किलोमीटरवर त्याची वस्ती आहे. कॉलेजात आम्ही एकत्र होतो. बी.ए.ला मराठी घेतलेले आम्ही दोघं. मी शहरात कारकुनी केली, तो शेतात गेला. कविता दोघांनीही सोडली नाही. फोन केला. त्याने “काय झालं” विचारण्याआधी “कुठंय” विचारलं. अकरा टक्क्यांवर मी त्याच्या गोठ्यापाशी उभा होतो.

गाडीत घरी लावायची वायर नेहमी ठेवतो. गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या यंत्राचा सॉकेट पंधरा ॲम्पिअरचा होता. वायर लावली. गाडीने एक लाल दिवा दाखवला आणि गप्प बसली. पुन्हा लावली, पुन्हा लाल. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, आमची वीज नडत नसंल तिला.” तेव्हा मला वायरमनचं ते वाक्य आठवलं. मी विचारलं, अर्थिंग कुठंय? गोठ्यामागे एक गंजलेला पाइप जमिनीत गेला होता, भोवतीची माती भेगाळलेली. मित्राने दोन बादल्या पाणी आणि वहिनींनी मूठभर खडेमीठ तिथे टाकलं. पाच मिनिटांनी वायर लावली, दिवा हिरवा झाला. आम्ही तिघंही लहान मुलांसारखे हसलो.

पण वेग कमी होता. वस्तीवरचा दाब घरच्यापेक्षा पुष्कळ कमी. गाडी तासाला दोन युनिटं घेत होती, म्हणजे आठ टक्के. घरी पोचायला छत्तीस टक्के हवेत. जेवण झालं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. गाडी सदतीसवर आली आणि रात्रीचे दहा वाजले.

दहा वाजता काय होतं, हे शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. शेतीपंपाला लागणारी थ्री फेज वीज चोवीस तास नसते. ती पाळीने येते. आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. दहा वाजले, लाइन आली आणि आजूबाजूच्या शिवारात विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक घूं करून सुरू झाल्या. त्यांना ऑटो लावलेला असतो. वीज आली की आपोआप चालू होतात. त्याच क्षणी वस्तीवरचा बल्ब पिवळा पडला आणि माझ्या गाडीचा दिवा पुन्हा लाल झाला. दाब इतका उतरला की गाडीने वीज घेणं थांबवलं.

मी म्हटलं, “सदतीस टक्के आहेत, हळूहळू जातो.” तो म्हणाला, “रस्त्यात उभा राहिलास तर कोण येणार तुझ्यामागं?” त्याने फोन काढला. त्यांच्या डीपीवर सात मोटारी होत्या, एक त्याची स्वतःची. प्रत्येकाला त्याने एवढंच सांगितलं, “पाहुणे अडकलेत, विजेची गाडी आहे, तासभर मोटार बंद ठेवा.” कोणी का म्हणून विचारलं नाही. एकेक मोटार थांबली. बल्ब पांढरा झाला. गाडीचा दिवा हिरवा झाला.

तो एक तास मी विसरू शकत नाही. जानेवारीची थंडी, कांद्याच्या वाफ्यांना पाणी हवं होतं आणि सात घरचे शेतकरी आपली पाळी थांबवून बसले होते. मी मनातल्या मनात गणित करत होतो. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे तीन पूर्णांक सात किलोवॅट. माझी गाडी घरच्या सॉकेटवर घेते जवळजवळ तेवढंच. म्हणजे दररोज रात्री मी कंडक्टरकाकांच्या भिंतीला जी वायर लावतो, ती एका विहिरीवरच्या मोटारीएवढी वीज ओढते. फरक इतकाच की, माझी वायर लावून मी पांघरुणात शिरतो आणि माझा मित्र बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी घेऊन दारं धरायला उसाच्या कडेने जातो. गाणी बिबट्याने ऐकावीत म्हणून लावलेली असतात.

मी त्याला म्हटलं, “तुमचं बिल तर माफ झालं ना आता?” २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली आहे, त्याबद्दल मी विचारत होतो. तो शेकोटीत काटकी सरकवत म्हणाला, “बिल माफ झालं. रात्र माफ झाली नाही.”

अकरा वाजून गेल्यावर पंचेचाळीस टक्क्यांवर मी निघालो. पैसे काढले, तर त्याने हात धरला. नऊ युनिटंही झाली नसतील, साठ-सत्तर रुपयांचा मामला. पण सात मोटारींचा एक तास कोणत्या दराने मोजायचा? वळणावर आरशात पाहिलं, तेव्हा त्याच्या हातातली बॅटरी शेताकडे चालली होती. मोटारी पुन्हा सुरू झाल्याचा आवाज काच खाली करून ऐकला. घोडेगाव गेलं, इमामपूरचा घाट आला. घाट चढताना टक्के भराभर गळतात. उतरताना ब्रेक लावला की चाकांतून थोडी वीज बॅटरीत परत येते. घरी पोचलो, तेव्हा एक वाजला होता आणि नऊ टक्के उरले होते. अम्मी जागीच होती.

श्रोतेहो, त्या रात्रीपासून मी एका प्रश्नाचा पाठपुरावा करतो आहे. शेतकऱ्याला रात्रीची वीज का मिळते? उत्तर गुंतागुंतीचं असलं तरी त्याचं मूळ साधं आहे. रात्री शहरं झोपतात, कारखाने मंदावतात, विजेची मागणी उतरते. औष्णिक केंद्रं मात्र वाटेल तेव्हा बंद-चालू करता येत नाहीत. ती उरलेली वीज कुठेतरी वापरायची. म्हणजे रात्रीची वीज ही एक प्रकारची उतरण होती आणि ती शेतीच्या वाट्याला आली.

या उतरणीचा दुसरा उपयोग आपल्याच जिल्ह्यात केलेला आहे, तो पाहण्यासारखा आहे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघरला एक धरण आहे. दुसरं धरण खाली कोकणात, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. रात्री वीज जास्त असताना खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि संध्याकाळी दिवे लागणीला मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. सव्वाशे मेगावॅटची दोन यंत्रं, एकूण अडीचशे मेगावॅट. २००८ मध्ये प्रकल्प सुरू झाला. विचार केला तर घाटघर ही डोंगराएवढी बॅटरीच आहे. माझ्या गाडीत चोवीस युनिटं मावतात. तिथली यंत्रं पूर्ण ताकदीने चालली तर एका तासात अडीच लाख युनिटं देतात. मी गाडीला वायर लावतो तेव्हा जे करतो, तेच सह्याद्रीच्या कड्यावर पाण्याने केलं जातं. वेळेला मिळालेलं, वेळ येईपर्यंत सांभाळून ठेवायचं.

पण आता काळ उलटा फिरतो आहे. सौरऊर्जा वाढली तसा विजेचा सुकाळ दिवसा होऊ लागला आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला जोडण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा सुरुवातीचा प्रयोग पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतच झाला. आणि जुन्या सवयीने आम्ही शहरातले गाडीवाले रात्री वायर लावतो. दोन-चार गाड्यांनी काही होत नाही. हजारो झाल्या की जी रात्र एकेकाळी कोणालाच नको होती, तिच्यावरही गर्दी होणार. आणि रात्री सूर्य नसतो. ती वीज बहुतेक कोळशाची असते. नगरमध्ये माझ्या गाडीला धूर नाही, हे खरं. पण चंद्रपूर, कोराडी, परळीच्या धुराड्यांखाली राहणाऱ्यांना तो आहेच.

म्हणून मी एक बदल केला. मी निवृत्त माणूस. गाडी दिवसा बहुतेक उभीच असते. आता सकाळी दहाला वायर लावतो, चारच्या आत काढतो. नव्या टीओडी मीटरवर दिवसाच्या विजेला थोडी सवलतही मिळते. कंडक्टरकाकांच्या छतावर सौर पॅनेल बसवायचं आमचं चाललं आहे; केंद्राच्या २०२४ च्या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळतं. छत त्यांचं, खर्च दोघांचा. कागदपत्रं तेच सांभाळणार, हे सांगायला नकोच.

मी रात्री वायर लावली नाही म्हणून माझ्या मित्राची पाळी दिवसाची होत नाही, हे मला कळतं. वीज अशी एका हाताने काढून दुसऱ्या हातात देता येत नाही. पण तिचा स्वभाव पाण्यासारखा आहे. आपलं शहर १४९० साली वसलं आणि निजामशाहीने डोंगरपायथ्याचं पाणी खापरी नळांनी आणून हौदांत सोडलं. हौदावर आधी कोण, मग कोण, याचा एक रिवाज असतो. ज्याची घागर आधी ठेवलेली तो आधी. पण तहानलेला वाटसरू आला तर सगळ्यांच्या आधी तो. त्या रात्री नेवाशाच्या शिवारात सात माणसांनी हाच रिवाज पाळला. चार्जर उद्या दर पंचवीस किलोमीटरला होतील, व्हायलाच हवेत आणि ते चालू स्थितीतही असायला हवेत. तिथे एखादा माणूस बसवला तर आणखी बरं. पण रांगेत मागे चार टक्क्यांवर आलेला कोणी असेल, तर आपण पंचेचाळीसवर वायर काढायची, हे कोणत्या धोरणात लिहिता येत नाही.

नव्याने गाडी घेणाऱ्यांना चार गोष्टी सांगून थांबतो. पहिली, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका आणि अर्थिंगला पाणी घाला. दुसरी, निघण्याआधी परतीचा हिशेब करा आणि वीस टक्के कायम नसलेलेच समजा. तिसरी, ज्या चार्जरवर अवलंबून आहात तिथे आधी फोन करा आणि त्याच्या अलीकडचा दुसराही बघून ठेवा. आणि चौथी, त्या रस्त्यावर तुमचा एखादा मित्र राहत असेल तर गाडी ठणठणीत असतानाही कधीतरी त्याच्याकडे जा. नुसतं अडल्यावर जाऊ नका. मी वर्षानुवर्षं त्या फाट्यावरून न वळता गेलो होतो, याची मला लाज वाटते.

आता आम्ही आठवड्यातून एकदा तरी बोलतो. पूर्वी फोनवर तो ‘काय चाललंय’ म्हणायचा. आता उचलल्या उचलल्या विचारतो, “किती टक्के आहे?” मी आकडा सांगतो आणि त्याला विचारतो, “या आठवड्यात पाळी कधीची?” तो दिवसाची म्हणाला की मग कवितेचं बोलतो. रात्रीची म्हणाला, तर फोन लवकर ठेवतो. त्याला थोडं झोपायचं असतं.